डोळे चुरचुरतात : ॲलर्जी की कोरडेपणा?

प्रश्न थोडक्यात असा : वय ३४, पुण्यात आयटीतली नोकरी, रोज दुचाकीवरून येणं-जाणं. चार महिने झाले, दोन्ही डोळे चुरचुरतात, लाल होतात, दुपारनंतर पाणी येतं. औषधाच्या दुकानातून ॲलर्जीचे थेंब (ओलोपॅटाडिन) आणले आणि रात्री सेटिरिझिनची गोळी सुरू केली. पहिला आठवडा बरं वाटलं, आता त्रास आधीपेक्षा जास्त आहे. डोळ्यांतून पाणी येतंय म्हणजे कोरडेपणा नसणारच, मग ही ॲलर्जी जात का नाही?

सुरुवात त्या 'चुरचुरतात'पासूनच करू. डोळ्यांच्या तक्रारींसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. खाज, जळजळ, खुपणं, टोचणं, कचकच, जडपणा असे कितीतरी आहेत. पण डॉक्टरांसमोर किंवा औषधाच्या दुकानात आपण सगळ्याला 'चुरचुर' म्हणून मोकळे होतो आणि निदानाची निम्मी माहिती तिथेच गळून जाते. ॲलर्जीची मुख्य तक्रार खाज. कोरडेपणाची मुख्य तक्रार जळजळ, वाळूचा कण गेल्यासारखं खुपणं आणि डोळे जड होणं. नेमका शब्द सापडत नसेल तर स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. बोट आपसूक नाकाकडच्या कोपऱ्यात जातं, चोळलं की दोन क्षण फार सुख वाटतं आणि लगेच दुप्पट खाज सुटते, असं असेल तर ॲलर्जी. चोळावंसं फारसं वाटत नाही, उलट डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहावंसं वाटतं आणि मिटल्यावर खरंच बरं वाटतं, असं असेल तर कोरडेपणा. दोन्ही एकत्र असू शकतात, त्याबद्दल पुढे. पण 'चोळावंसं वाटतं की मिटावंसं वाटतं' या एका प्रश्नाने बऱ्याचदा दिशा ठरते.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी कोरडेपणाकडे झुकतात : त्रास दुपारनंतर वाढतो, पाणी येतं, आणि सेटिरिझिन सुरू केल्यावर तो बळावला.

पाणी येण्याचं कोडं आधी सोडवू, कारण जवळपास सगळे तिथेच अडतात. डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्यात तळाशी बुळबुळीत म्यूसिन, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापणीच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत या तीसेक असतात, खालच्या पापणीत वीस-पंचवीस. प्रत्येक उघडमिटीबरोबर तेलाचा किंचित अंश बाहेर पडतो आणि खालचं पाणी उडून जाऊ देत नाही. ग्रंथींची तोंडं बुजली किंवा आपण पुरेशी उघडमीट केली नाही की थर जागोजागी फाटतो आणि बुबुळावर कोरडे ठिपके पडतात. बुबुळ हा शरीरातला सर्वांत नाजूक संवेदनेचा भाग. तो मेंदूला ओरडून सांगतो आणि मोठी अश्रुग्रंथी भसाभस पाणी सोडते. या पाण्याला तेलाची साथ नसते. उतारावरच्या खडकाळ रानात पाऊस पडावा तसं ते गालावरून वाहून जातं आणि डोळा होता तसाच कोरडा राहतो. म्हणून 'पाणी येतं, तरी कोरडेपणा' यात विसंगती काही नाही. वाऱ्यावर, पंख्यासमोर किंवा स्क्रीनकडे बघताना येणारं पाणी बहुतेक याच जातीचं.

माणूस एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा डोळ्यांची उघडमीट करतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हा आकडा ५ ते ७ वर येतो, आणि त्यातल्याही कित्येक वेळा पापणी अर्ध्यावरूनच परत जाते. आठ-नऊ तास असे, वर एसीची कोरडी हवा, आणि घरी जाताना हेल्मेटची काच वर करून घेतलेला वारा. चार महिने असं चालल्यावर डोळा तक्रार करणारच.

आता सेटिरिझिन. ॲलर्जीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं हे सगळ्यांना माहीत असतं, अश्रूही आटतात हे फारसं कोणी सांगत नाही. त्यातच थेंबांच्या बहुतेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक रसायन असतं. थोड्या दिवसांसाठी ते चालतं, पण महिनोन्‌महिने गेलं तर बुबुळावरचा पेशींचा थर दुखावतं. म्हणजे खरा आजार कोरडेपणाचा असेल तर ॲलर्जीचे उपचार तो वाढवतात. डोळे जास्त लाल होतात, माणूस गोळी जास्त नेमाने घेऊ लागतो, आणि चक्र सुरू राहतं. पहिल्या आठवड्यात बरं वाटण्याचं कारण इतकंच असू शकतं की कुठलाही थेंब घातला तरी डोळा काही मिनिटं ओला होतो.

घरी करता येण्याजोग्या काही तपासण्या आहेत. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आरसा घ्या. हात धुऊन खालची पापणी हलकेच खाली ओढा. ॲलर्जीत आतला भाग पाणचट, फुगलेला आणि गुलाबी दिसतो. जोरात असेल तर पांढऱ्या भागावरचं आवरणही जेलीसारखं फुगतं. कोपऱ्यात चिपाड असेल तर ते पांढरट, चिवट असतं आणि ओढलं तर दोऱ्यासारखं लांबतं. कोरडेपणात लाली डोळा उघडा राहतो त्या पट्ट्यात, म्हणजे बुबुळाच्या दोन्ही बाजूंना जास्त असते. पापणीची कड नीट बघा : केसांच्या मुळांमागे बारीक ठिपक्यांची रांग दिसते, तीच तेलग्रंथींची तोंडं. त्यावर पिवळसर टोप्या बसल्या असतील, कड जाड आणि लालसर झाली असेल किंवा कोपऱ्यात साबणासारखा फेस जमत असेल तर तेलाचा कारखाना बिघडलाय. निरोगी ग्रंथीतून येणारं तेल गोडेतेलासारखं पातळ असतं, बुजलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखं घट्ट. पिळून बघायच्या फंदात मात्र पडू नका, ते डॉक्टरांचं काम.

दुसरी तपासणी घड्याळाची. दोनदा पूर्ण उघडमीट करा आणि मग डोळे उघडे ठेवून समोरच्या अक्षरांकडे बघत राहा. दहा सेकंदांच्या आत जळजळ सुरू झाली किंवा अक्षरं धूसर झाली आणि एकदा डोळे मिटून उघडताच पुन्हा स्पष्ट दिसली, तर अश्रूंचा थर लवकर फाटतोय. ॲलर्जीत नजर सहसा अशी येत-जात नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी : थंड की गरम. एक दिवस थंड पाण्यात पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा, दुसऱ्या दिवशी कोमट. थंडाने खाज चटकन शमली आणि शेकाने वाढली तर ॲलर्जी, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात आणि सूज-खाज चढते. शेकाने हलकं वाटलं तर बुजलेल्या तेलग्रंथी. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, पण फुकट आहे आणि पुष्कळ सांगून जाते.

त्याबरोबर आठवडाभर वहीत नोंद ठेवा : किती वाजता, कुठे, काय करताना. रविवारी लॅपटॉप बंद असताना डोळे शांत असतील तर अर्थ उघड आहे. ॲलर्जीची वेळापत्रकं निराळी असतात. सकाळी अंथरुणात असतानाच शिंका आणि डोळ्यांना खाज असेल तर गादी-उशीतल्या धूळकिड्यांवर संशय घ्या. दमट हवेत ते जोमात वाढतात, म्हणून मुंबई-कोकणात हा त्रास बारमाही असू शकतो. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत फुलायला लागल्यावर त्रास सुरू होत असेल तर परागांवर. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता कुठे नाही ते विचारा. दिवाळीआधी माळा झाडताना, होळीच्या रंगांनंतर, घरी मांजर आल्यापासून, असे ठळक धागेही बघा. नाक आणि टाळूला खाज, शिंका, घरात दमा किंवा इसब असा इतिहास असेल तर ॲलर्जीचं पारडं जड होतं.

एक अपवाद सांगायला हवा. कोरडेपणा संध्याकाळी वाढतो हे ढोबळमानाने खरं, पण पापणीच्या कडांची सूज असेल किंवा झोपेत डोळे किंचित उघडे राहत असतील आणि वर पंखा गरगरत असेल, तर सकाळी उठतानाच डोळे टोचतात. घरातल्या कुणाला तरी रात्री टॉर्चने बघायला सांगा, पापण्यांमध्ये फट दिसते का ते.

आता तुमच्यासाठी काय करायचं ते. शिंका, नाक वाहणं, अंगावर पित्त असं काही नसेल आणि गोळी डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलेली नसेल, तर सेटिरिझिन थांबवा. ओलोपॅटाडिनही दोन आठवडे बंद ठेवून बघा. त्याऐवजी कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्का यांपैकी एक कृत्रिम अश्रू, दिवसातून चार वेळा. इथे हमखास चूक होते ती अशी की त्रास झाला की थेंब घातला जातो, एरवी नाही. तोवर बुबुळावर ठिपके पडून गेलेले असतात. सकाळी निघताना, अकरा वाजता, तीन वाजता आणि संध्याकाळी निघण्याआधी, असं घड्याळ लावून घाला. चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर संरक्षक नसलेले थेंब घ्या. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत किंवा खास झडपेच्या बाटल्यांत मिळतात, महाग पडतात, पण इथे पैसा वाचवण्यात शहाणपणा नाही. रात्री कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचाच १ टक्क्याचा घट्ट थेंब किंवा जेल. त्याने काही मिनिटं धूसर दिसतं, म्हणून झोपतानाच. आणि दोन दिवसांत निकाल मागू नका. चार आठवडे द्या.

शेक सगळे सांगतात, पण बहुतेक जण तो चुकीचा देतात. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दीड-दोन मिनिटांत थंड होतो, आणि घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीवर ४० अंशांच्या आसपास उष्णता आठ-दहा मिनिटं टिकावी लागते. म्हणून जाड नॅपकिन दोन घ्या, शेजारी गरम पाण्याचं पातेलं झाकून ठेवा आणि दर दीड मिनिटाला नॅपकिन बदला. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे सोसवेल एवढंच गरम, पापणीची कातडी फार पातळ असते. शेक संपताच, तेल पुन्हा गोठायच्या आत, मालिश : वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या दिशेने. पाच-सहा हलके फटकारे पुरेत, बुबुळावर दाब नको. मग उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने कड आडवी पुसून घ्या, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. दोन आठवडे दिवसातून दोनदा, नंतर रोज एकदा. शेक सोडला की महिन्या-दीड महिन्यात ग्रंथी पुन्हा बुजायला लागतात, त्यामुळे दात घासण्याच्या पंगतीत त्याला बसवा.

स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा १०-१५ सेंटिमीटर खाली हवी. नजर खाली असली की डोळा कमी उघडतो आणि कमी सुकतो. लॅपटॉप उंच स्टँडवर चढवून मानेचं भलं करताना डोळ्यांचं नुकसान होतं, मधला मार्ग काढा. एसीचा झोत तोंडावर येऊ देऊ नका. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा, आणि त्या वेळात दहा वेळा पूर्ण उघडमीट करा : मिटा, क्षणभर थांबा, उघडा. गाडीवर हेल्मेटची काच खाली.

नोंदवहीने ॲलर्जीच दाखवली तर मार्ग वेगळा. चोळणं बंद, हे पहिलं औषध. चोळल्याने हिस्टामिन (खाज आणणारं रसायन) साठवून बसलेल्या पेशी डिवचल्या जातात आणि आणखी हिस्टामिन बाहेर पडतं, म्हणून चोळलं की दुप्पट खाज. हात शिवशिवतील तेव्हा थंड पट्टी, पाच मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नको. कृत्रिम अश्रूंची बाटली फ्रिजच्या दारात ठेवून थंड थेंब घातला तर तो पराग-धूळ धुऊनही काढतो. औषधाचे थेंब ओलोपॅटाडिन ०.१ टक्का दिवसातून दोनदा, ०.२ टक्के एकदाच; किंवा केटोटिफेन ०.०२५ टक्के दोनदा. खाज काही मिनिटांतच उतरते, पण पूर्ण परिणामाला रोज नियमाने दोनेक आठवडे लागतात. ठरावीक मोसमातच त्रास होणाऱ्यांनी सोडियम क्रोमोग्लायकेट २ टक्के मोसमाच्या दोन आठवडे आधीपासून चार वेळा घालावं. खाज सुटल्यावर ते सुरू करून 'गुण येत नाही' म्हणण्यात अर्थ नाही, ते हिस्टामिनला कोठीतून बाहेर पडू देत नाही, सांडलेलं पुसत नाही. बाहेरून आल्यावर तोंड धुवा, झोपण्याआधी केस झटकून किंवा धुऊन घ्या, नाहीतर दिवसभराची धूळ उशीवर उतरते. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात. झाडूऐवजी ओलं फडकं.

दोन्ही असतील, आणि ते फार दुर्मीळ नाही, तर गोळीऐवजी थेंबांवर भर द्या आणि ॲलर्जीच्या थेंबाबरोबर कृत्रिम अश्रू चालू ठेवा. अश्रूंचा थर धड नसेल तर पराग डोळ्यावर जास्त वेळ बसून राहतात, त्यामुळे कोरडेपणा बरा केला की ॲलर्जीही थोडी नरमते.

एका गोष्टीबद्दल कडक शब्दांत लिहितो. चिठ्ठीशिवाय मिळालेला आणि एका दिवसात डोळा पांढराशुभ्र करणारा थेंब संशयास्पद समजा. लेबल वाचा : डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कामाचं औषध आहे. मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. दाब वाढताना दुखत नाही, कळतं तेव्हा नजरेचा काठ गेलेला असतो आणि तो परत येत नाही. लाली घालवणारे नाफाझोलिनचे थेंब इतके घातक नाहीत, पण उतरल्यावर लाली दामदुप्पट परत येते.

घरगुती उपायांत गुलाबजल, मध, कांद्याचा रस, दूध, तूप यांतलं काहीही डोळ्यात घालू नये. यातली एकही गोष्ट निर्जंतुक नसते. काजळ आतल्या कडेला लावलं की नेमकी तेलग्रंथींची तोंडं बुजतात, आणि काही सुरम्यांत शिसं सापडतं. सकाळी डोळे उघडून नळाच्या पाण्याचे हबके मारण्याची सवय अनेकांना फार आवडते. त्याने ताजंतवानं वाटतं, पण तेलाचा पापुद्रा धुऊन जातो.

मुलांचं वेगळं. साधारण पाच ते पंधरा वयाचा मुलगा दर उन्हाळ्यात डोळे चोळून बेजार होत असेल, उजेड सहन होत नसेल, दोरीसारखं चिपाड येत असेल तर साध्या थेंबांवर थांबू नका. वरची पापणी उलटून बघणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे न्या. पापणीच्या आत फरसबंदीसारखे उंचवटे आलेले असतात आणि ते बुबुळावर घासून जखम करू शकतात. सतत चोळण्याने बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा धोकाही असतो. चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर सारखा बदलणं ही त्याची खूण.

चार ते सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर नेत्रतज्ज्ञ गाठा. तिथे पिवळा रंग घालून थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात (दहाच्या आत असेल तर कमी), आणि खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. पाच किंवा त्याहून कमी म्हणजे पाणीच कमी बनतंय. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, रजोनिवृत्ती झाली असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, लेसिक (चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया) झालं असेल तर न विचारता सांगा. सायक्लोस्पोरिनचे (कोरड्या डोळ्यातला दाह कमी करणारे) थेंब मिळाले तर ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडणारे फार असतात. ओमेगा-३च्या कॅप्सूलवर मी पैसे घालवणार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभर रोज ३ ग्रॅम घेऊनही त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

थांबायचं नाही अशी लक्षणं : एकाच डोळ्यात खरं दुखणं, नजर कमी होणं, उजेड अजिबात न सोसणं, दिव्यांभोवती वलयं आणि उलटी, काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा. त्याच दिवशी दाखवा. चुना उडाला असेल तर आधी अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, मग दवाखाना. आधी एक डोळा, दोन दिवसांनी दुसरा, सकाळी पापण्या चिकटलेल्या आणि घरात आणखी कुणाला तसंच, तर हे डोळे येणं आहे. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आलेली साथ आठवत असेलच. टॉवेल वेगळा ठेवा.

थेंब घालण्याची रीत, कारण निम्मं औषध गालावर जातं. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, त्यात एकच थेंब. दुसरा मावतच नाही. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटा, नाकाकडचा कोपरा बोटाने दीड-दोन मिनिटं दाबून धरा, मिचकावू नका. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर, पातळ आधी, जेल शेवटी. लेन्स असेल तर काढून थेंब घाला आणि पंधरा मिनिटांनी लावा. बाटली उघडल्याची तारीख पेनने लेबलवर लिहा आणि महिना झाला की उरलेलं औषध टाकून द्या.